रोड बाइकची फ्रेम: उंची विचारली जाते, पाहायला हवी ती लांबी

सोलापुरात रोड बाइक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो उंचीचा. उत्तर पाच फूट सात इंच असे आले, की ‘मग तुम्हाला मीडियम’ असा निर्णय होतो, आणि त्या वेळी दुकानात मीडियमऐवजी स्मॉल किंवा लार्ज उभी असेल, तर ‘सीट खाली-वर करून बसवून देऊ’ एवढ्या आश्वासनावर व्यवहार पुरा होतो. सीट खाली-वर होते हे खरेच आहे, परंतु नेमक्या त्याच कारणामुळे सीटची उंची हा फ्रेम निवडण्याचा निकष होऊ शकत नाही. जे जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर जुळवून घेता येते त्यासाठी फ्रेम निवडायची नसते. जे फारच थोडे बदलता येते, म्हणजे पायडलांच्या मधल्या अक्षापासून हँडल किती पुढे आणि किती वर आहे, त्यासाठी ती निवडायची असते. ओळखीच्या मंडळींबरोबर दुकानात जाऊन आणि जुन्या सायकली पाहून माझे जे मत बनले आहे, ते येथे सविस्तर मांडत आहे.

उंचीची ही सवय आपल्याकडे जुनी आहे. हीरो आणि अ‍ॅटलासच्या काळ्या सायकली बावीस इंची, चोवीस इंची अशा मापांनी विकल्या जात. हे माप चाकाचे आहे असे पुष्कळांना वाटे, पण ते सीटखालच्या उभ्या नळीचे होते. त्या सायकलचे हँडल मागे वळलेले असे, बसणारा ताठ बसे, आणि दांडीवरून उतरल्यावर पाय जमिनीला टेकले म्हणजे माप बरोबर मानले जाई. त्या बैठकीसाठी एवढी परीक्षा पुरेशी होती. शर्यतीच्या पोलादी सायकलींतही बराच काळ एका आकड्यावर भागत असे, कारण वरची नळी जमिनीला समांतर असे आणि मधल्या मापांत उभी नळी व आडवी नळी जवळपास सारख्याच लांबीच्या असत. त्यामुळे ५४ सेंमीची फ्रेम म्हटले, की उंची आणि लांबी दोन्हींचा अंदाज एकदम येई. टूर द फ्रान्स जिंकणारा पहिला अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र याच काळातले आहे. पायांच्या आतल्या बाजूच्या लांबीला ०.८८३ ने गुणले, की पायडलांच्या अक्षाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते, आणि ०.६५ किंवा ०.६७ ने गुणले, की उभ्या नळीची लांबी. दोन वेगळे गुणक असण्याचे कारण इतकेच, की काही जण नळी मध्यापासून मध्यापर्यंत मोजत आणि काही जण मध्यापासून वरच्या टोकापर्यंत.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जायंट कंपनीची टीसीआर ही सायकल आली आणि या आकड्याचा अर्थच बदलला. तिचा आराखडा माइक बरोज या ब्रिटिश अभियंत्याचा होता. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमनने ज्या विलक्षण लोटस सायकलवर सुवर्णपदक मिळवले, तिच्यामागेही हाच माणूस होता. बरोजने वरची नळी मागे उतरती केली, त्यामुळे फ्रेम लहान, हलकी आणि ताठ झाली, सीटखालचा दांडा, म्हणजे सीट पोस्ट, लांब बाहेर आला, आणि पूर्वी जेथे दहा-बारा मापे बनवावी लागत, तेथे स्मॉल, मीडियम, लार्ज अशा थोड्या मापांत काम भागू लागले. उत्पादकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. आज बहुतेक रोड बाइकांची वरची नळी कमी-अधिक उतरती असते, म्हणून उभ्या नळीची प्रत्यक्ष लांबी बसणाऱ्याला फारसे काही सांगत नाही, आणि ‘५४’ किंवा ‘मीडियम’ हे कंपनीने दिलेले केवळ एक नाव उरले आहे. गणवेश शिवणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नको, की एका कारखान्याचा ३८ नंबर दुसऱ्या कारखान्याच्या ३८ ला जुळेलच असे नाही.

येथे माउंटन बाइकच्या मापांचाही एक खुलासा करतो. ती मापे इंचांत सांगितली जातात, आणि ‘माझी सतरा इंची आहे, म्हणजे त्रेचाळीस सेंमी झाली, तेव्हा रोड बाइक तेवढीच द्या’ असे गणित मी प्रत्यक्ष ऐकले आहे. दोन्ही सायकलींची रचना वेगळी असल्यामुळे हे रूपांतर निरुपयोगी आहे. ज्याला माउंटन बाइक सतरा इंची बसते, त्याला रोड बाइक साधारणपणे ५२ ते ५४ च्या आसपासची लागते.

लांबीवर मी एवढा भर देतो, याला सोलापूरचे रस्तेही कारण आहेत. तुळजापूरचा घाट सोडला, तर आपल्या अवतीभवती चढ म्हणावा असा फारसा नाही. विजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता, मंगळवेढ्याचा रस्ता हे सगळे लांबच लांब सपाट आहेत. चढाचा रस्ता असेल, तर माणूस मधूनमधून पायडलवर उभा राहतो, उतारावर पाय थांबवतो, हात हलवतो, आणि बसण्याची पद्धत आपोआप बदलत राहते. सपाट रस्त्यावर मात्र दोन-दोन तास त्याच बैठकीत तोच पाय फिरवत राहावे लागते, आणि जून-जुलैमध्ये मोहोळच्या किंवा मंगळवेढ्याच्या दिशेने निघाल्यावर पश्चिमेचा वारा समोरून येऊ लागला, की खाली वाकून बसण्यावाचून गत्यंतर नसते. हँडल एखाद-दोन सेंटिमीटर लांब असेल, तर होटगी रस्त्यावरच्या सकाळच्या फेरीत ते कळणारही नाही, पण पंढरपूरच्या सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरमध्ये मान, खांदे आणि तळहाताची करंगळीकडची बाजू ते स्पष्टपणे सांगू लागतात. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची रपेट, करण्याचा विचार असेल, तर साडेतेरा तासांची मुदत असते, आणि त्या काळात शरीर तक्रार करायची राहत नाही.

आता मोजमापाकडे वळू. पायांची आतली लांबी घरी मोजता येते, पण पँटच्या शिलाईवरून ती मोजू नये, कारण शिवणीचे माप काही सेंटिमीटरने कमी भरते. अनवाणी उभे राहून पाठ व टाचा भिंतीला टेकवाव्यात, पायांत वीतभर अंतर ठेवावे, आणि पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक धरून सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो, तेवढ्या दाबाने ते वर सरकवावे. पुस्तक तिरपे झाले, की माप चुकते, म्हणून मी पुस्तकाऐवजी गवंड्याचा गुण्या वापरतो. त्याची एक बाजू भिंतीला चिकटून राहिली, की दुसरी काटकोनात राहतेच. भिंतीवर पेन्सिलीची खूण करून जमिनीपासून अंतर घ्यावे, आणि हे दोन-तीनदा करावे. खूण करायला दुसरे कोणीतरी असावे, कारण स्वतःच वाकून खूण करताना माप बदलते. याच बैठकीत एकूण उंची, आणि खांद्याच्या हाडापासून मुठीत धरलेल्या पेन्सिलीपर्यंत हाताची लांबी, हीसुद्धा घेऊन ठेवावी.

या मापांचा उपयोग एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १७० सेंमी उंचीची दोन माणसे घेऊ. पहिल्याच्या पायांची आतली लांबी ८० सेंमी, दुसऱ्याची ७६. एकाच घरातल्या दोन भावांत एवढा फरक सहज आढळतो. उंची विचारणारा दुकानदार दोघांना एकच माप देईल. जुने सूत्र लावणारा पहिल्याला ५२ आणि दुसऱ्याला सुमारे ४९.५ सेंमीची फ्रेम देईल. परंतु उंची सारखी असल्यामुळे दुसऱ्याचा कमरेवरचा भाग पहिल्यापेक्षा ४ सेंमीने मोठा आहे, म्हणजे त्याला उलट अधिक लांब फ्रेम हवी, आणि सूत्र त्याला आखूड फ्रेम देत आहे. आता दोघांना एकाच सायकलवर बसवून पाहू. सीटची उंची पहिल्यासाठी ७०.६ सेंमी येते आणि दुसऱ्यासाठी ६७.१. हँडल जागच्या जागी राहिल्यामुळे पहिल्याला दुसऱ्याच्या तुलनेत जवळपास साडेतीन सेंटिमीटर जास्त खाली वाकावे लागते, आणि तेही आखूड धडाने. अशा माणसाने पुढचा भाग उंच आणि पोहोच कमी असलेली फ्रेम घ्यावी. आज एन्ड्युरन्स या नावाने ज्या रोड बाइक मिळतात, त्या साधारण अशाच असतात. दुसरा माणूस शर्यतीच्या ठेवणीच्या, पुढून बुटक्या आणि लांब फ्रेमवर कदाचित मजेत बसेल. दोघांच्या सायकलींवर लिहिलेले माप एकच असू शकते, पण सायकली एक नव्हेत.

हा फरक कागदावर पाहण्याची सोय म्हणजे स्टॅक आणि रीच हे दोन आकडे. पायडलांच्या अक्षाच्या मध्यापासून सरळ वर एक रेषा काढली, तर हँडलच्या उभ्या नळीचे वरचे टोक त्या मध्यापासून जितके उंच, तो स्टॅक, आणि त्या रेषेपासून ते टोक जितके पुढे, तो रीच. प्रत्येक चांगली कंपनी आपल्या संकेतस्थळावर हे आकडे मिलिमीटरमध्ये देते, आणि मधल्या मापाच्या फ्रेममध्ये रीच बहुधा ३७० ते ३९५ आणि स्टॅक ५३० ते ५८० च्या दरम्यान असतो. मापाच्या नावाकडे दुर्लक्ष करून दोन कंपन्यांच्या फ्रेमची तुलना करायची असेल, तर या आकड्यांइतके विश्वासार्ह दुसरे काही नाही.

तरीही त्यांत एक बारकावा आहे, आणि तो लक्षात न घेतल्यास तुलना फसते. समजा, एका फ्रेमचा स्टॅक ५४५ व रीच ३८५ आहे, आणि दुसरीचा ५७० व ३७६. वरवर पाहता पहिली फ्रेम ९ मिमी लांब दिसते. पण हँडलची नळी मागे कललेली असते, तिचा कोन साधारण ७३ अंशांचा, त्यामुळे हँडल १० मिमी वर उचलले, की ते सुमारे ३ मिमी मागेही येते. पहिल्या फ्रेमवर स्पेसर, म्हणजे हँडल वर उचलणाऱ्या चकत्या, टाकून हँडल दुसरीच्या उंचीवर आणले, तर २५ मिमी उचलताना ते साडेसात मिलिमीटरच्या आसपास मागे येईल, म्हणजे रीच उरेल ३७७ च्या जवळ. ज्या दोन फ्रेममध्ये ९ मिमीचा फरक दिसत होता, त्यांत लांबीचा फरक प्रत्यक्षात दीड मिलिमीटरही नाही. फरक आहे तो एवढाच, की पहिलीवर तेथपर्यंत पोहोचायला स्पेसरची चळत लागते. म्हणून स्टॅक सारखा करून मगच रीचची तुलना करावी.

पूर्वीपासून वापरात असलेली आडव्या नळीची लांबी, म्हणजे उतरत्या नळीऐवजी समांतर रेषेत मोजलेली लांबी, हीदेखील फसवू शकते, कारण तिच्यात सीटच्या नळीचा कोन मिसळलेला असतो. ५४५ मिमी स्टॅकच्याच दोन फ्रेम घ्या. एकीची आडवी लांबी ५४५ व सीटच्या नळीचा कोन ७४ अंश, दुसरीची ५५० व ७३ अंश. आकड्यांवरून दुसरी लांब वाटते. हिशेब केला, तर पहिलीचा रीच सुमारे ३८९ आणि दुसरीचा ३८३ येतो, कारण दुसरीतली जास्तीची लांबी अक्षाच्या मागे, सीटच्या बाजूला गेलेली आहे. सीट पुढे-मागे कोठे ठेवायची हे पायडलच्या संदर्भात ठरते, हँडलच्या संदर्भात नव्हे. त्यामुळे एकच माणूस दोन्ही सायकलींवर पायडलच्या संदर्भात सारखाच बसला, तर त्याला पहिलीच लांब वाटेल. याच कारणाने, हँडल लांब पडते म्हणून सीट पुढे सरकवून घेण्याचा उपाय मला मान्य नाही. त्याने हाताची तक्रार गुडघ्याकडे जाते, एवढेच होते.

हँडल लांब किंवा जवळ करण्याचा योग्य मार्ग म्हणजे स्टेम, अर्थात हँडलला पुढे धरून ठेवणारा आखूड तुकडा, बदलणे. मधल्या मापाच्या सायकलवर बहुधा ९० ते ११० मिमीचा स्टेम येतो. दहा मिलिमीटर इकडे-तिकडे केल्याने काही बिघडत नाही, वीसपर्यंतही चालते. पण १०० चा काढून ६० चा घालण्याची वेळ आली, तर फ्रेम चुकली आहे असे समजावे, कारण इतक्या आखूड स्टेमने रोड बाइकचे वळणे उतावीळ होते. अलीकडे हँडल आणि स्टेम एकाच तुकड्यात असलेल्या व आतून वायरी नेलेल्या सायकली येतात. त्या दिसायला सुंदर आहेत, पण तेथे एक सेंटिमीटरचा बदलही महागात पडतो, म्हणून तशी सायकल घेणाऱ्याने मापाबाबत दुप्पट काटेकोर असावे.

दोन मापांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला ‘लहान घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो पूर्णपणे चुकीचा नाही. लहान फ्रेमवर स्टेम वाढवता येतो, सीट पोस्ट वर काढता येतो. मात्र त्या पोस्टवरची कमाल मर्यादेची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. पण हा सल्ला मुळात शर्यतीत उतरणाऱ्यांचा आहे, ज्यांना हँडल खालीच हवे असते. सोलापुरात रोड बाइक घेणाऱ्या ज्या मंडळींना मी पाहतो, त्यांतले पुष्कळ जण चाळिशी ओलांडलेले, दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारे आणि वाकून पायाचा अंगठा धरताना गुडघा दुमडणारे आहेत. त्यांना लहान फ्रेम घ्यायला लावले, की लांबी जुळते पण हँडल फार खाली राहते, आणि ते वर आणायला स्पेसरची मर्यादा आड येते. पुढचे चाक धरणारा चिमटा कार्बनचा असेल, तर त्यावर अनेक कंपन्या साधारण ३० मिमीपेक्षा जास्त स्पेसर लावू देत नाहीत. अशा माणसाने मोठे माप घेऊन स्टेम एका पायरीने आखूड करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वय कमी, अंग लवचिक आणि वेगाची हौस असेल, त्याने लहान माप घ्यावे.

ठेंगण्या व्यक्तींचा, विशेषतः पाच फुटांच्या आसपासच्या स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. बहुतेक रोड बाइकची चाके ७०० सी या एकाच मोठ्या मापाची असतात, आणि अगदी लहान फ्रेममध्ये ती बसवण्यासाठी आराखडा ताणावा लागतो. परिणामी हळू वेगात हँडल वळवताना पुढचे चाक बुटाच्या टोकाला घासते. वेगात असताना हँडल इतके वळत नाही, त्यामुळे हा दोष हमरस्त्यावर जाणवत नाही. नवी पेठेतल्या गर्दीतून वाट काढताना मात्र जाणवतो, म्हणून दुकानातच पायडल आडवे ठेवून व हँडल वळवून पाहावे. क्रँकची, म्हणजे पायडल ज्यावर बसते त्या दांडीची, लांबीही त्याच वेळी पाहावी. लहान मापावर १६५ मिमीची असली तर बरी.

जुनी सायकल घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. रोड बाइक पुण्याहून सेकंडहँड आणण्याचा प्रघात आपल्याकडे आहे, आणि किमतीच्या दृष्टीने तो योग्यही आहे. परंतु चिमट्याची वरची नळी, जिच्यावर स्पेसर आणि स्टेम बसतात, ती पहिल्या मालकाने आपल्या मापाने कापून घेतलेली असते. फोटोत स्टेम थेट फ्रेमला टेकलेला दिसला आणि वर एकही स्पेसर नसला, तर ते हँडल सरळ मार्गाने वर येणार नाही. उलटा फिरवून वर झुकणारा स्टेम लावता येतो, पण त्याने थोडेच साधते, आणि चिमटा बदलणे म्हणजे स्वस्तात घेतल्याचा लाभ गमावणे. त्यामुळे विक्रेत्याकडून मॉडेल, वर्ष आणि माप यांबरोबरच स्टेमजवळचा बाजूने काढलेला फोटो आणि पट्टी लावून मोजलेली स्पेसरची उंची मागवावी. वर्ष यासाठी, की एकाच नावाच्या मॉडेलचा आराखडा कंपन्या काही वर्षांनी बदलतात.

दुकानात चाचणी घेताना दांडीवर उभे राहून पाहण्याने उतरत्या नळीच्या सायकलीत फारसे काही कळत नाही. त्यापेक्षा मागचे चाक ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, बसवून द्यायला सांगावे, आणि तसा ट्रेनर नसेल, तर भिंतीला धरून का होईना, बसून पाहावे. आधी घरी काढलेल्या आकड्याप्रमाणे सीटची उंची लावून घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, जाणकार हा कोन २५ ते ३५ अंशांचा मानतात. मग हात ब्रेकच्या रबरी मुठींवर ठेवून दहा-पंधरा मिनिटे पायडल मारावे. कोपरे ताठ न होता सैल राहतात का, खांदे कानांकडे चढतात का, आणि आपण नकळत सीटच्या टोकाकडे सरकत आहोत का, हे पाहावे. पुढे सरकणे हे फ्रेम लांब असल्याचे बऱ्यापैकी खात्रीचे लक्षण आहे. उलट गुडघे हँडलजवळ येऊ लागले आणि पाठीला पोक आला, तर ती आखूड आहे. सोबत कोणीतरी बाजूने मोबाइलवर चित्रण केल्यास हे सारे स्पष्ट दिसते. ज्या दुकानदाराला एवढा वेळ देणे जड जाते, त्याच्याकडून महागडी सायकल घेण्याची घाई करू नये.

नवी सायकल ठरली, की जोडणी करणाऱ्या कारागिराला एक सूचना आवर्जून द्यावी: चिमट्याची नळी आत्ताच कापू नये, सायकलबरोबर आलेले सर्व स्पेसर सुरुवातीला स्टेमच्या खालीच ठेवावेत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत शरीर सवयीने सैल होते आणि हँडल थोडे खाली चालेल असे वाटू लागते. तेव्हा एकेक स्पेसर खालून काढून वर लावत जावे, आणि लांबच्या रपेटीतही बैठक सोसते अशी खात्री झाल्यावरच नळी कापून घेण्याचा विचार करावा.